ताकसाहेबांच्या घरातली बाटली

डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "न्युमोनिया." मी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, "फुप्फुस कफानं भरून घट्ट होतं. श्वासाला जागा उरत नाही. मानमोडीवर हे आलं की अवघड." एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळले. पुढची खाट म्हणजे व्हरांड्यात अंथरलेली चटई होती.

ज्या बायांवर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. तुम्हालाही कोणीतरी असंच उभ्या उभ्या सांगेल. डॉक्टरांचा राग धरू नका. त्या साली दसऱ्यानंतर कोल्हापुरात खोकला नाही असं एक घर राहिलं नव्हतं. दवाखान्यात आजाराला इन्फ्लुएंझा म्हणायचे. पेठेत सगळे मानमोडीच म्हणायचे, कारण आधी मान धरायची, मग कंबर, मग माणूस आडवाच व्हायचा.

आमचे हे दरबारच्या एका कचेरीत कारकून होते. त्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि पायताण काढायला चौकट धरून उभे राहिले. एरवी कधी चौकट धरणारा माणूस नव्हे. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही, अंग मोडून आलंय. सुंठ दे." मी सुंठ दिली, काढा दिला, छाती शेकली. चौथ्या दिवशी थुंकीला गंजासारखा रंग आला, तेव्हा टांगा करून दरबारी दवाखान्यात नेलं. हे लक्षात ठेवा. थुंकीचा रंग बदलला की काढ्यात वेळ घालवू नका.

दवाखान्यात आत जागा नव्हती. मागच्या व्हरांड्यात भिंतीच्या कडेला आम्हाला जागा मिळाली. शेजारी एक म्हातारी, तिच्या पलीकडे दोघं बाप-लेक. अंगणात आडाजवळ नातेवाईकांच्या चुली पेटलेल्या. दुपारपर्यंत धूर आणि कण्हणं एकमेकांत मिसळून जायचं. मी तीन दगड मांडून तिथंच पेज शिजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. हा आजार चढत जातो आणि सातव्या किंवा नवव्या दिवसाच्या सुमाराला क्रायसिस येतो. क्रायसिस म्हणजे ताप एकदम कोसळतो, घामाच्या धारा लागतात, आणि त्या वेळी हृदयानं तग धरला तर माणूस वाचतो. "आपलं काम हृदयाला त्या दिवसापर्यंत नेऊन पोचवायचं. जवसाच्या गरम लगद्याचं पोटीस छातीला चालू ठेवा. आणि दर तीन-चार तासांनी ब्रँडी. चमचाभर, दुधातून."

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. नाही.

आता तुम्हाला यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल काय हेकट माणूस. हेकट होतेच. नाव दावीद. नेसरीच्या शेतकरी घरातले, घरचं नाव दौलू. तरुणपणी मिशनच्या शाळेत शिकायला आले आणि बाप्तिस्मा घेतला. मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली, सारा. आमचं लग्न पाळकबाबांनी, म्हणजे मिशनच्या पाद्रीबाबांनी लावलं. मूलबाळ झालं नाही. बावड्याच्या वाटेला दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड, आणि रविवारी देऊळ, म्हणजे आमचं चर्च, एवढाच आमचा संसार.

महाराजांच्या राज्यात तेव्हा सगळं झपाट्यानं बदलत होतं. कचेरीत नाना जातींची शिकलेली पोरं आली होती आणि आपण नव्या जमान्याचे आहोत हे दाखवायची प्रत्येकाला घाई. कोणाला बढती मिळाली की संध्याकाळी पार्टी. टेबल, खुर्च्या, काचेचे पेले, विलायती बाटली. न पिणारा म्हणजे गावठी. यांची तर दोन्हीकडून अडचण. नेसरीत लोक म्हणायचे, किरिस्ताव झाला म्हणजे आता दारू ढोसत असणार. कचेरीत हेडक्लार्क म्हणायचे, "दावीदराव, तुमचा धर्मच विलायती, मग बाटलीचं काय वावडं?" हे शांतपणे म्हणायचे, "मला ताक असलं तर द्या." त्यावरून कचेरीभर यांचं नाव ताकसाहेब पडलं. दोनदा वरची जागा दुसऱ्याला गेली. पार्टीत बसणाऱ्यांच्या ओळखी होतात, ताक पिणाऱ्याच्या कुठून होणार? मी चिडायचे. म्हणायचे, पेला हातात धरून बसायला काय होतं? हे म्हणायचे, "हातात धरलेला पेला ज्याला दिसेल तो नेसरीला जाऊन सांगेल की."

नेसरीला यांचा धाकटा भाऊ होता, धोंडी. सोन्यासारखा माणूस, पण दारूनं पार धुऊन निघालेला. बायको माहेरी जाऊन बसलेली, बैलसुद्धा त्याला बघून बिचकायचे. हे गावी गेले आणि त्याच्यापुढे बसले. भावानं सांगितलं, "दादा, तू सांगशील त्ये खरं. पर मी एकटा न्हाय सोडणार. तू पण शपथ घे." हे म्हणाले, मी पीतच नाही. धोंडी म्हणाला, "मग तुला काय जड हाय? तू तुझं पुस्तक धर, मी बेलभंडार उचलतो. जवर तू पाळशील तवर मी पाळणार. तुझं मोडलं की माझं मोडलं."

आमच्याकडे बेलभंडार उचलला म्हणजे विषय संपला. हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन बोललेला शब्द माणूस फिरवत नाही. यांनी पवित्र शास्त्रावर हात ठेवला, त्यानं बेलभंडार उचलला, आणि दोघांची मिळून एकच शपथ झाली. धोंडीची बायको परत आली. बैल बिचकायचे थांबले. इकडे पाळकबाबांना कळल्यावर ते मात्र नाराज झाले. "दावीदा, बेलभंडाराशी बांधलेली शपथ ख्रिस्ती माणसानं घ्यावी का?" हे म्हणाले, "बाबा, मी बेलभंडाराशी नाही बांधून घेतलं. भावाशी बांधून घेतलं."

तर अशी ती शपथ, आणि आता डॉक्टर ब्रँडी म्हणत होते.

डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते दमलेले होते, त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हणाले, "बाई, तुमच्या धर्माचे साहेबलोक जेवणाबरोबर रोज घेतात. आणि हे औषध आहे." मग हळूच म्हणाले, "दुधात मिसळून द्या. सांगू नका."

त्याच दुपारी हेडक्लार्क आले. मला वाटलं होतं कचेरीतून कोणी फिरकणारही नाही. तोंडाला उपरणं लावून व्हरांड्यात आले, धोतराच्या सोग्याखालून बाटली काढली आणि माझ्या हातात दिली. स्वतःच्या घरची, सील न फोडलेली ब्रँडी. त्या दिवसांत पैसे टाकूनही मिळत नव्हती. यांना म्हणाले, "दावीदराव, मी पुष्कळ थट्टा केली. आता थट्टा नाही. घ्या." आणि डोळे पुसत गेले. या माणसाला मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

संध्याकाळी पाळकबाबा आले. त्यांनी प्रार्थना केली आणि स्पष्ट सांगितलं, "औषध म्हणून घेण्यात पाप नाही. चर्चच्या मंडळीतलं कोणी बोललं तर मी बघेन." यांना बोलताना धाप लागायची. एकेक शब्द टाकत म्हणाले, "बाबा, मंडळीला मी शब्द दिलेला नाही. धोंडीला दिलाय. तो प्यायला लागला तर पोरं उघडी पडतील." पाळकबाबा उठले. जाताना मला म्हणाले, "याला समजावणं माझ्या हातात राहिलं नाही, साराबाई."

मग मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये हे मलाही कळतं, पण भांडले. म्हटलं, "तुमचा भाऊ, त्याची बायको, त्याची पोरं, सगळ्यांची काळजी. मी कोण आहे? तुम्ही गेलात तर शपथ घेऊन चाटत बसू का मी?" शेजारची म्हातारी उठून बसली. यांनी माझा हात धरला. हात चुलीजवळच्या दगडासारखा तापलेला. म्हणाले, "रागाव. पण दुधात घालू नकोस. तुझ्या हातचं मी न बघता पितो."

झालं. तेवढ्या एका वाक्यानं माझी वाट बंद केली. चुलीपाशी दूध तापवताना बाटली माझ्याजवळच असायची, आणि दर वेळी मी तिच्याकडे बघायचे. दूध नेऊन दिलं की हे खरंच न बघता प्यायचे. मी देवाला म्हणायचे, असा नवरा द्यायचा होता तर जरा कमी भरवशाचा द्यायचास.

एकच वाट उरली होती. जो शब्द धोंडीला दिला तो धोंडीच सोडवू शकत होता. आमच्या शेजारचे मौलाभाई बागवान, त्यांची फळांची गाडी गडहिंग्लजच्या बाजाराला जायची. साथीमुळे ते घरीच बसले होते. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळं ऐकून ते म्हणाले, "फळं नसली म्हणून काय झालं, बैल हायत की. निरोपच घेऊन जातो." आणि रिकामी गाडी जुंपून गेले. गडहिंग्लजहून नेसरीपर्यंतही ते स्वतःच गेले हे मला नंतर कळलं.

मग नुसती वाट बघणं. सकाळी डॉक्टर, नाडी, थर्मामीटर. म्हणजे काखेत धरायची काचेची नळी, तिच्यात ताप मोजतात. आकडा सांगायचे नाहीत, नुसतं "हं" म्हणायचे. मी पोटीस बदलायचे, ओठ ओले करायचे. पलीकडच्या बाप-लेकातला बाप गेला आणि लेक बरा होऊन उठून बसला, एकाच दिवशी. यांचा श्वास आता शिट्टीसारखा वाजत होता. ओठ निळसर दिसायला लागले. वाट बघणाऱ्या बायांनो, एक सांगते. त्या वेळी मोठी प्रार्थना सुचत नाही. मी नुसतं म्हणत होते, धोंडीला आण. धोंडीला आण.

धोंडीभावजी आले ते भर दुपारी. गुडघ्यापर्यंत धूळ, खांद्यावर घोंगडं. व्हरांड्याच्या पायरीवर थांबून मलाच विचारलं, "वैनी, दादा हाय न्हवं?" मी म्हटलं, आहेत. तेव्हा कुठे ते पायरी चढले.

यांनी भावाला ओळखलं. म्हणाले, "धोंडी, हे मला प्यायला सांगतायत."

"मग पी की."

"आणि तुझं?"

"माझं माझ्यापाशी हाय. त्येची काळजी तू करू नगंस."

"तसं ठरलं नव्हतं आपलं. माझं मोडलं की तुझं मोडलं."

धोंडीभावजी खाली बसले. खांद्यावरचं घोंगडं उतरवून ठेवलं. मग म्हणाले, "दादा, तवा मी बेवडा हुतो, माझ्या तोंडाला येल त्ये मी बोललो. आता शुद्धीवर सांगतो. तुझं मी सोडवलं. माझं न्हाय सोडवत. माझ्या हातनं पी."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या हातनं पीन. दुसऱ्या कोणाच्या नको."

आता ऐका काय झालं ते. ज्या माणसानं वर्षानुवर्षं दारूचा वाससुद्धा घेतला नव्हता, ज्याला गुत्त्यासमोरून जाताना बायको हात धरून न्यायची, त्यानं बाटलीचं सील फोडलं. वास सुटला तसा त्यांच्या कपाळाला घाम आला. मी पाहिलं, श्वास रोखून धरला होता. चमचा भरला, दुधात ओतला, भावाला पाजला. मग बाटलीला बूच घट्ट लावून ती माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून आडावर गेले. चुलीतली राख घेऊन हात चोळचोळ चोळले, धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. दर तीन-चार तासांनी असंच. बाटली, चमचा, मग आडावर राखेनं हात. मी एकदा म्हटलं, भावजी, मी ओतते, तुम्ही नुसता चमचा धरा. म्हणाले, "नगं वैनी. त्येला माझ्या हातचं पायजे म्हणाला न्हवं."

एका बाजूला नवरा जातोय की राहतोय हे बघायचं आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस त्या वासात टिकतोय का हे बघायचं. मी कुणासाठी प्रार्थना करत होते हे मलाच कळेना. बहुतेक दोघांसाठी.

क्रायसिस आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच आला. सकाळी घाम फुटला, दोन लुगडी पुसून भिजली, अंग थंड पडत गेलं. मला वाटलं ताप उतरला, सुटलो. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. यांनी एकदा धोंडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दुपार व्हायच्या आत संपलं.

मी डॉक्टरांना विचारलं. विचारायलाच हवं होतं, नाहीतर जन्मभर कुरतडत राहिलं असतं. "पहिल्या दिवसापासून दिली असती तर?" ते नळी हातात गुंडाळत उभे होते. म्हणाले, "बाई, खोटं सांगत नाही. या साथीत पाजलेलेही गेले आणि न पाजलेलेही गेले. खात्री मला तेव्हाही नव्हती." त्या माणसानं खरं सांगितलं. त्याचे उपकार मी अजून मानते.

खड्डा खणायला माणूस मिळेना. ख्रिस्ती दफनभूमीत त्या आठवड्यात रोज माती उकरली जात होती, खणणारेही आजारी पडले होते. धोंडीभावजींनी कुदळ मागून घेतली आणि भावाची कबर स्वतः खणली. पाळकबाबा बाजूला उभे राहिले आणि त्यांनीही फावडं उचललं. हेडक्लार्क फाटकाशी उभे होते, आत आले नाहीत. मी रडले नाही. आजूबाजूला इतकं मरण होतं की माझं रडणं कुठे धरून ठेवावं तेच समजेना.

मंडळीत कुजबुज झालीच. दावीदच्या उशाला दारूची बाटली होती म्हणे. मरताना तोंडाला वास होता म्हणे. आयुष्यभर ताक पिऊन कचेरीची थट्टा सोसली आणि शेवटी हे ऐकून घ्यायची वेळ आली. पाळकबाबांनी व्यासपीठावरून एकदाच खडसावलं, तेव्हा तोंडं बंद झाली. मला कोणाचा राग आला नाही. रागासाठीही अंगात थोडी ताकद लागते.

धोंडीभावजी निघाले तेव्हा घोंगडं खांद्यावर टाकून दारात घुटमळले. म्हणाले, "वैनी, ती बाटली मला द्याल?"

बाटली जवळजवळ भरलेलीच होती. मनात आलं, संपलं. हे गेले, शपथ गेली, आता हा वाटेतच पीत बसणार. नवऱ्यानं ज्याच्यासाठी जीव टांगून ठेवला तोच बाटली मागतोय. पण नाही म्हणायला मी कोण? मी आत गेले, बाटली आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घोंगड्यात गुंडाळली आणि गेले.

ज्या बायांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना दोन गोष्टी सांगते. डॉक्टर जे देतील ते द्या. आणि तुमच्या माणसाचा शब्द कुठे अडकलाय हे माहीत असेल तर त्या ठिकाणी निरोप पहिल्याच दिवशी धाडा. एवढंच शहाणपण मला मिळालं, तेही उशिरा. विश्वास टिकवणं म्हणजे चार लोकांदेखत पेला बाजूला सारणं, असं मला तोवर वाटायचं. तसा पेला यांनी शंभर वेळा सारला होता आणि मी चिडून का होईना, मनातून अभिमानच बाळगला होता.

नाताळला मी एकटी घरात बसू शकणार नव्हते. मौलाभाईंची गाडी पुन्हा चालू झाली होती. त्यांच्याबरोबर गडहिंग्लजला गेले, तिथून नाताळच्याच दिवशी नेसरीला पोचले. वाटभर एकच धास्ती. घराशी पोचल्यावर आधी मी गोठ्याकडे बघितलं. बैल शांत उभे होते.

जाऊबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, आत नेलं. समोरच्या भिंतीत देवळी होती. देवळीत त्यांचे देव, भंडाऱ्याची वाटी, आणि वाटीशेजारी ती बाटली. मी जवळ जाऊन पाहिलं. बुचावर मेण ओतून ते बंद केलेलं. आणि दारू जिथपर्यंत होती तिथपर्यंतच होती. जे काही कमी होतं ते यांच्या पोटात गेलं होतं.

धोंडीभावजी मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "भावजी, हे इथं कशाला ठेवलंत? रोज डोळ्यासमोर."

ते म्हणाले, "वैनी, दादानं त्येच्या जिवासाठी न्हाय मोडलं. मी सांगितलं म्हणून मोडलं. म्हंजे त्येचं माझ्या शब्दानं मोडलं. आता दोघांचं मला एकट्यालाच पाळायचं हाय." मग म्हणाले, "जड जातंय. पर पाळतोय."

मी त्या देवळीपुढे खाली बसले आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. जाऊबाई शेजारी येऊन बसल्या. भावजी बाहेर गेले आणि थोड्या वेळानं तांब्या घेऊन आले. त्यांनी पितळेचा पेला भरून माझ्यापुढे ठेवला. ताक होतं. म्हणाले, "दादाच्या सणाचं हाय आज. घ्या." मी घेतलं, आणि आम्ही तिघं ते प्यायलो.